फळी नवी, वाघीण जुनीच

सात मिलिमीटरला एक फूट असं प्रमाण धरलं, की ब्रिटनच्या रेल्वे क्लिअरिंग हाऊसने 1923 साली ठरवून दिलेल्या नमुन्याची कोळशाची वाघीण साडेसोळा फुटांवरून 115.5 मिलिमीटरवर येते. तिच्या दोन आसांमधलं नऊ फुटांचं अंतर 63 मिलिमीटर होतं. रेल्वेच्या लहान प्रतिकृती बनवणाऱ्या तिकडच्या छंदिष्टांमध्ये हे प्रमाण ‘ओ गेज’ म्हणून ओळखलं जातं. इंजिनांवर तिथे जीव टाकणारे पुष्कळ आहेत. मला मात्र या छंदातलं सगळ्यात विचार करायला लावणारं काम वाटतं ते जुन्या वाघिणींच्या दुरुस्तीचं. कुणीतरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी संच आणून जोडलेली, मग या हातातून त्या हातात विकली गेलेली, एखादा बफर हरवलेली, एक चाक अधांतरी राहिलेली वाघीण टेबलावर येते आणि तिचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळांचं उत्तर ठरलेलं असतं: सगळा रंग उतरवा, नवा चढवा, कोरी करकरीत करून टाका. या उत्तराला माझा विरोध आहे. चाकं, आस, सांगाडा आणि ब्रेक यांच्या बाबतीत जराही सूट घेऊ नये, पण अंगावरचं वय पुसू नये. खरी वाघीणही अशीच जगली. तिला खालून चालती ठेवत आणि वरून जेवढं मोडेल तेवढंच बदलत.

अशी दुरुस्ती मोठ्या प्रमाणातच का जमते, ते आकड्यांत पाहावं. चार मिलिमीटरला एक फूट या प्रचलित लहान प्रमाणातून सातवर आलं की लांबी पावणेदोनपट होते, पण आकारमान पाचपटीहून जास्त वाढतं. सात टनांची रिकामी वाघीण लहान प्रमाणात हिशेबाने जेमतेम 16 ग्रॅमची भरते, ओ गेजमध्ये तीच 86 ग्रॅमची होते. घर्षण मात्र आकाराच्या हिशेबाने कमी होत नाही, म्हणून छंदिष्ट त्यावर आणखी वजन घालतात. वजन आलं की स्प्रिंग खरोखर दबते, बफर खरोखर आत जातो, रुळांच्या सांध्यावर चाकाचा ठोका ऐकू येतो. रुळांमधलं अंतरही पाहण्यासारखं आहे. खऱ्या रुळांतलं 1435 मिलिमीटरचं अंतर सातच्या प्रमाणात 33 मिलिमीटर व्हायला हवं, पण ओ गेजचे रूळ 32 मिलिमीटरवर असतात. हा एक मिलिमीटर या मंडळींच्या बोलण्यात सतत येतो. लहान प्रमाणात हीच तूट दोन मिलिमीटरहून जास्त आहे आणि तिथे रूळ सुमारे बारा टक्के अरुंद पडतात. ओ गेजमध्ये ती तीन टक्क्यांवर येते. तरीही काहींना तो एक मिलिमीटर सलतो आणि ते अचूक 33 मिलिमीटरचे रूळ स्वतः बांधतात.

दुरुस्तीची सुरुवात काचेच्या सपाट तुकड्यावर होते. वाघीण काचेवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं की सांगाडा पिळलेला आहे की नाही ते लगेच कळतं. पिळलेला असेल तर सांधे सोडवणं, बाजू काटकोनात आणणं, आसांच्या टोकांना पितळी बेअरिंग बसवणं ही नेहमीची कामं. एक आस घट्ट ठेवतात आणि दुसरी मधल्या तारेवर डोलती ठेवतात, म्हणजे रूळ थोडा खालीवर असला तरी चारही चाकं टेकतात. प्लास्टिकच्या भागांवर ब्युटानोनचा ब्रश फिरतो आणि त्याचा गोडसर, नाकात चढणारा वास खोलीभर पसरतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावीच लागते. व्हाइट मेटलच्या भागांना साधं सोल्डर चालत नाही, सोल्डरिंग आयर्न जरा तापलं की तो भागच वितळून थेंब होतो. तिथे सुमारे 70 अंशांवर वितळणारं खास सोल्डर लागतं. या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती फुगलेली वाघीण. वजनासाठी पूर्वी कुणीतरी तळाशी शिशाचे छर्रे टाकून ते पांढऱ्या पीव्हीए डिंकाने चिकटवलेले असतात. डिंकातून सुटणाऱ्या आम्लाच्या सहवासात शिसं वर्षानुवर्षं हळूहळू कार्बोनेटमध्ये बदलतं, फुगतं आणि शेवटी वाघिणीच्या बाजू फोडून बाहेर येतं. जुन्या काळी पांढरा रंग ज्याच्यापासून करत तेच हे संयुग. बाहेरून दिसणारी भेग लांबी भरून बुजवता येते, पण आतलं शिसं काढल्याशिवाय ती पुन्हा उघडणारच. दुरुस्ती म्हणजे आधी निदान, हे इथे शिकायला मिळतं. नव्या रंगाची घाई नेमकं हेच निदान झाकून टाकते.

मग वाघीण उलटी केली जाते, आणि माझं लक्ष पुनःपुन्हा जातं ते तिच्या ब्रेकच्या दांड्याकडे. 1900 साली ब्रिटनमध्ये रेल्वे कामगारांचे अपघात रोखण्यासाठी कायदा झाला आणि पुढे त्याखालच्या नियमांनी वाघिणीचा ब्रेक दोन्ही बाजूंनी लावता येण्याची सक्ती आली. त्याआधी अनेक वाघिणींना एकाच बाजूला दांडा असे. तो पलीकडे असेल तर शंटिंग करणाऱ्या माणसाला चालत्या डब्यांमधून वाट काढावी लागे. त्या कामात कित्येकांचे हात, पाय आणि जीव गेले. दांडा दोन्ही बाजूंना आला, तोही समोर उभं राहिल्यावर उजव्या हाताला येईल असा. मात्र एकाच आडव्या दांडीवरून चालणाऱ्या ब्रेकला त्यासाठी एका बाजूची चाल उलटवणारा जोड द्यावा लागला, नाहीतर एक दांडा खाली दाबून ब्रेक लागला असता आणि दुसरा वर उचलून. तळाला दारं असलेल्या वाघिणीत ती आडवी दांडीच चालत नाही, म्हणून तिथे दोन्ही बाजूंचे ब्रेक वेगळे. जुन्या संचातून घाईत जोडलेल्या कितीतरी वाघिणींत हा जोड नसतो किंवा दांडा डाव्या हाताला लागलेला असतो. दुरुस्ती करणारा तो कापून, पितळेच्या पातळ पट्टीतून नवा करून, योग्य जागी बसवतो. हे काम बाजूने पाहणाऱ्याच्या जेमतेम लक्षात येतं. तरी मला ते रंगकामापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण त्या दांड्याच्या जागेत माणसांच्या सुरक्षिततेचा इतिहास आहे. डबे जोडणाऱ्या तीन कड्यांच्या साखळीचंही तसंच. खरा शंटर लांब काठीच्या आकड्याने ती कडी उचलून पुढच्या डब्याच्या हुकात टाकत असे. ओ गेजमध्ये तीच कृती तारेच्या लहान आकड्याने करता येते, आणि दहा-वीस डबे जोडले की मान आणि मनगट दोन्ही अवघडतात. त्या कामाला किती नेम आणि किती धीर लागत असेल याचा अंदाज तेव्हा येतो.

आता अंगाकडे वळू. या वाघिणी बहुतांशी खाणमालकांच्या आणि कोळसा व्यापाऱ्यांच्या होत्या, आणि ‘ओशन’, ‘स्टीफन्सन क्लार्क’ अशी नावं ठळक अक्षरांत रंगवून घेऊन त्या देशभर फिरत. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि खासगी वाघिणी सरकारने एकत्र ताब्यात घेतल्या. कोणाची वाघीण कुठे जाईल याला मग धरबंध राहिला नाही आणि मालकाचं नाव पुन्हा रंगवण्याचं कारणही संपलं. फळी मोडली की तिथे कोरी फळी बसे, गोधडीला ठिगळ बसावं तशी, आणि नावाचं एखादं अक्षर तिथेच तुटे. 1 जानेवारी 1948 रोजी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं. अशा पाच लाखांहून जास्त वाघिणी ब्रिटिश रेल्वेकडे आल्या आणि त्यांच्यावर ‘पी’ने सुरू होणारे नवे क्रमांक पडले, कित्येकदा जुन्या रंगावर काळा चौकोन मारून. म्हणजे 1950 सालच्या मालगाडीत एकाच वाघिणीवर तीन काळ दिसत: युद्धापूर्वीच्या मालकाचं विरलेलं नाव, युद्धातली बिनरंगी फळी आणि राष्ट्रीयीकरणाचा क्रमांक. अशा वाघिणीची प्रतिकृती कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखी रंगवली, तर तिच्या पहिल्या काही महिन्यांपुरतंच खरं सांगितलं जातं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं गळून जातात. जुन्या प्रतिकृतीची एखादी फळी तुटलेली असेल तर ती बदलून, राखाडी ठेवून, शेजारचा रंग तसाच राहू देणं हीच त्या काळाला धरून केलेली दुरुस्ती आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मळ आणि गंज हे वाईट कारागिरीवर टाकलेलं पांघरूण आहे. तसं होतं हे मला मान्य आहे. तपकिरी रंगाचा सरसकट फवारा मारून सांध्यातली फट झाकलेल्या वाघिणी दिसतात. पण खरं वय सरसकट नसतं, त्याला कारणं असतात. ब्रेकच्या लोखंडी भागांची धूळ चाकांजवळ साचते. फळीचा रंग उडतो तो बोल्टांभोवती आणि दाराच्या कडेला, जिथे फावडं लागतं. काही वाघिणींच्या एका टोकाला उघडणारं दार असे, बंदरात डबा उचलून कोळसा थेट जहाजात ओतण्यासाठी. ते टोक दुरून ओळखता यावं म्हणून बाजूवर पांढरा तिरपा पट्टा असे आणि तो त्या दाराच्या टोकाकडे वर चढत जाई. पट्टा उलटा काढला तर वाघीण बंदरात चुकीच्या टोकाने उभी राहील. जो हा पट्टा बरोबर काढतो आणि झीज कुठे व्हायला हवी हे जाणतो, त्याला मळाच्या पांघरुणाची गरज नसते. मळाआड लपणाऱ्यावर उपाय आहे तो निरखून पाहण्याचा. कोरा रंग हा त्याच्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज डॅपॉलसारख्या कंपन्या ओ गेजच्या तयार वाघिणी विकतात, आणि त्यांवरची अक्षरं हाताने काढलेल्या अक्षरांपेक्षा सुबक असतात. मग मोडक्या वाघिणीवर कित्येक संध्याकाळी घालवायच्या कशाला? तयार वाघीण घेणाऱ्याला मी दोष देत नाही, कित्येकांना गाडी चालवण्यात आनंद असतो आणि तो रास्त आहे. पण तयार वस्तू कुणीतरी आधीच केलेल्या अभ्यासाचं फळ हातात देते, अभ्यास देत नाही. ब्रेकचा जोड उलटवायचा का, हा प्रश्न तिच्या मालकाला पडतच नाही. ‘जिथे रूळच एक मिलिमीटर अरुंद आहेत तिथे ब्रेकच्या जोडासाठी एवढा आटापिटा कशाला,’ असंही विचारलं जातं. उत्तर सोपं आहे. तो एक मिलिमीटर सगळ्यांनी जाणून घेतलेली तडजोड आहे. एकाची वाघीण दुसऱ्याच्या रुळांवर चालावी म्हणून ती पाळली जाते आणि कुणी ती लपवत नाही. उलटा लागलेला दांडा कुठल्याच गरजेतून येत नाही, तो न पाहिल्यामुळे येतो. ठाऊक असलेली तूट आणि बेफिकिरीतून झालेली चूक यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप असा, की हाच नियम जुन्या खेळण्यांना कसा लागू होणार? त्यापुढे मात्र माझा नियम वेगळं वळण घेतो. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1920 मध्ये ओ गेजच्या पत्र्याच्या गाड्या काढल्या. पहिल्या वाघिणी मेकॅनोच्या खेळण्यासारख्याच नट-बोल्टांनी जोडलेल्या होत्या. त्या हुबेहूब असाव्यात असा आग्रह नव्हता. ती खेळणी होती आणि आज त्या स्वतःच अस्सल ऐतिहासिक वस्तू आहेत. तिथे ब्रेकचा दांडा दुरुस्त करणं, नवे क्रमांक घालणं, मूळ इनॅमल उतरवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. युद्धापूर्वीच्या काही ओतीव चाकांच्या जस्ताच्या मिश्रधातूत अशुद्धी राहून गेली आणि ती चाकं आता भेगाळून चुरा होतात. ती बदलावीत, जुन्यांचे तुकडे जपून ठेवावेत आणि बाकी अंगाला हात लावू नये. हे माझ्या आधीच्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: या वस्तूचं इमान कशाशी आहे? संचातून जोडलेल्या वाघिणीचं खऱ्या वाघिणीशी, पत्र्याच्या खेळण्याचं स्वतःच्या कारखान्याशी. उत्तर निघालं की कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं ते ठरतं.

महाराष्ट्राला या विषयात परकं वाटण्याचं कारण नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897 मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे हे मुळात वाघिणींच्या विचारातून उभं राहिलेलं काम होतं. अडीच फुटी रुळांवर प्रत्येक आसावर पाच टनांचा भार ठरवायचा, आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळी गाडी त्याच भाराच्या हिशेबाने बांधायची, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता येतो, हा त्यांचा हिशेब. भारतात पाठवण्याआधी त्या गाड्यांच्या चाचण्या लीड्सजवळ झाल्या होत्या, आणि तोच अनुभव घेऊन त्यांनी पुढे इंग्लंडमधली लीक आणि मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेलेली ती अडीच फुटी लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे. सातच्या प्रमाणात तिचे रूळ 17.5 मिलिमीटरचे होतात. बाजारात सहज मिळतात ते 16.5 मिलिमीटरचे. पुन्हा तोच एक मिलिमीटर, आणि तो इथेही स्वीकारायला हरकत नाही. पण कॅलथ्रॉप यांच्या वाघिणीचा सांगाडा, तिचे आस आणि तिच्यावरच्या भाराचा हिशेब यांत सूट घेतली, तर त्या रेल्वेचं सारच हरवेल. आपल्याकडे कुणी ती वाघीण बांधायला घेणार असेल, तर त्याच लाइनवरच्या कुर्डुवाडीच्या उन्हात फिकटलेला तिचा रंग त्याने शेवटी द्यावा आणि सुरुवात आसांपासून करावी.