ऊसाच्या ट्रॉलीचा मागील दिवा

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर येथे श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्याने जातात. मागे दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या वाहनचालकास वेळीच दिसत नाही व अपघात प्राणावर बेततो. कमी विजेवर चालणारा एलईडी दिवा गावातही तयार करता येतो; मात्र त्यास संरक्षण अवश्य द्यावे.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इंजिन चालू असता दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो. तांबड्या एलईडीस सुमारे २ व्होल्ट पुरतात. म्हणून तीन एलईडी एकापुढे एक जोडून त्या ओळीत ४७० ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घालावा. त्यायोगे प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आत राहतो. अशा आठ ओळी समांतर जोडाव्यात. तारा उलट जोडल्या गेल्यास एलईडी जळू नयेत म्हणून आरंभी एक डायोड बसवावा.

या तारेवरील फ्यूज बॅटरीजवळच असावा. १ अँपिअरचा पुरे. तार घासून लोखंडास टेकली तर फ्यूज वितळतो. तो नसेल तर तार तापून पाचट पेटण्याची भीती असते. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज न घालता दोष शोधावा.

हा दिवा जादा समजावा. नियमानुसार बसविलेले दिवे व तांबडे परावर्तक काढू नयेत. लोंबणाऱ्या ऊसाने ते झाकले जाणार नाहीत, हे निघण्यापूर्वी पाहावे.