पेण-रोह्याच्या उकाड्यात फ्रेम रेट का घसरतो?

'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशित झाला आणि आजही तो संगणकाची कसोटी पाहतो. त्यात चित्र अडखळू लागले की ग्राफिक्स कार्ड जुने झाले असा निष्कर्ष घाईने काढला जातो, पण तो पुष्कळदा चुकीचा असतो. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची संख्या. ती ६० राखायची तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. रेझोल्यूशन, म्हणजे चित्रबिंदूंची संख्या, कमी करताच वेग वाढला तर भार कार्डावर असतो, आणि वेग तसाच राहिला तर अडथळा बहुधा प्रोसेसरपाशी असतो.

पेण आणि रोह्यात मात्र आधी तापमान पाहणेच शहाणपणाचे. सुरुवातीला सुरळीत चाललेला खेळ काही मिनिटांनी मंदावत असेल तर त्यामागे बहुधा थ्रॉटलिंग असते, म्हणजे तापमान मर्यादेला, अनेक लॅपटॉपांत ९५ ते १०० अंश सेल्सिअसला, भिडल्यावर प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी वेग उतरवतो. कोकणच्या उन्हाळ्यात खोलीतली हवाच तापलेली असल्याने उष्णता बाहेर टाकणे पंख्याला जड जाते, आणि पेणमधील गणेशमूर्तींच्या कारखान्यांलगतच्या घरांत प्लॅस्टरची बारीक भुकटी लॅपटॉपच्या जाळीत साचली तर हवेची वाटच बुजते. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप ग्राफिक्स चिपची शक्ती मुद्दाम घटवतो. तेव्हा केवळ सेटिंग बदलून पूर्ण वेग परत मिळत नाही.

म्हणून नव्या कार्डावर पैसे खर्चण्याआधी खेळप्रेमींनी जाळी साफ करावी, लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणावा आणि मगच फ्रेम रेट पुन्हा मोजावा.