अंबाडी आणि भांगेचा वाख

शेतकरी बंधूंनो, बदलापूर-अंबरनाथकडे बांधावर अंबाडी लावायला किंवा ताग पेरायला कुणाची परवानगी लागत नाही. दोन्हींच्या सालीचा वाख निघतो, दोर वळता येतात. मग भांगेच्या झाडानेच काय घोडे मारले? चिवट वाख त्याच्याही खोडाला असतो.

पण त्याच जातीच्या मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो, तिथे घोडे अडते. वाखाच्या वाणात नशेचे द्रव्य नाममात्र. उत्तराखंडाने शेकडा ०.३ ची मर्यादा घालून २०१८ साली परवान्यावर लागवडीची वाट मोकळी केली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे १४ वे कलम वाखासाठी व बियांसाठी अशी मुभा देऊ शकते. मात्र सरकारी हुकूम हवा. २०२१ साली, पिकांना भाव नाही म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने गांजा लावण्याचीच परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

तेव्हा उद्या उल्हासनगरच्या बाजारात कुणी 'वाखाचेच बी आहे' म्हणून पुडी पुढे केली, तर आधी परवाना विचारा. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

आणि गुरुजी, अंबाडीचे पान पाहून कुणी उगाच घाबरले, तर मुलांना दाखवा: अंबाडीच्या पानाची बोटे देठाशी जोडलेली, भांगेची सुटी. अंबाडीचे फूल मोठे, पिवळसर. आणि पान चावले की आंबट!