फराहबाग : उन्हाला बाहेर ठेवणारा महाल

इंग्लंडमध्ये १५९० च्या दशकात हार्डविक हॉल उभा राहिला, तो भिंतभर काचा मिरवत. तिथल्या धनिकांना घरात उजेड हवा होता. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीपुढचा प्रश्न नेमका उलटा होता. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग हे त्याचं उत्तर.

दुमजली अष्टकोनी महाल, मधोमध उंच घुमटाचा दिवाणखाना, चहूकडे तळं. उंच कमानी खोल असल्याने ऊन आतल्या भिंतीपर्यंत सहजी पोचत नाही. गिलावा उडालाय तिथे ओबडधोबड दगड नि चुना उघडा पडलाय. ही जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत सोडते. तापलेली हवा घुमटाकडे चढते, खालची बैठक त्यातल्या त्यात गार राहते.

खरी करामत तळ्याची. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठ गार होतो तो याच हिशेबाने. नगरचा उन्हाळा कोरडा, म्हणून वाफ झपाट्याने होते आणि तळ्यावरून येणारी झुळूक गार लागते. दमट मुंबईत हा बेत निम्माही साधला नसता. तळं कोरडं पडलं, की मात्र सगळी भिस्त सावली आणि जाड भिंतींवरच.