ग्रामसभेचे उघडे दार

गावच्या पैशाचा विनियोग कसा होतो हे समोर बसून ऐकावे व त्याविषयी जाब विचारावा, हा हक्क गावकऱ्यास कायद्याने दिलेला आहे. शिवाररस्ता, पाझर तलाव, पिण्याचे पाणी हे शेतकऱ्याच्या नित्य निकडीचे विषय ग्रामपंचायतीच्या कारभाराशी निगडित असल्याने या हक्काचे स्वरूप वाचकांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

सार्वजनिक संस्थांच्या सभा लोकांस खुल्या असाव्यात, हे तत्त्व अनेक देशांनी मान्य केले आहे. इंग्लंडात १९६० साली व अमेरिकेत १९७६ साली तसे कायदे झाले. नाशिक महानगरपालिकेस लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमातही सभा खुली ठेवण्याचा नियम असून, बहुमताने ठरल्यासच ती बंद दाराआड घेता येते. परंतु तेथे नागरिक केवळ श्रोता असतो. ग्रामसभेत तो स्वतः सभासद असतो. गावच्या मतदारयादीत नाव असणे एवढीच त्यास अट आहे. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने या सभेस घटनेतच स्थान दिले. जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या अनुसूचित तालुक्यांत तर १९९६ च्या पेसा कायद्याने तिचे अधिकार आणखी वाढविले आहेत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. वर्षातील पहिल्या सभेपुढे जमाखर्च, मागील वर्षाचा कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम व लेखापरीक्षणाचे शेरे ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याचीही तरतूद आहे.

इतके असूनही एक छिद्र राहते. गणपूर्तीस मतदारांपैकी शेकडा १५ अथवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावीही १०० माणसे पुरेशी होतात. तेवढीही न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नाही. मग दहापाच माणसांनी केलेला ठराव साऱ्या गावाचा ठराव ठरतो. दार उघडे असून आत कोणी नसेल, तर ते दार बंद असल्यासारखेच होय.

शेतकऱ्याची अडचण खरी आहे. २ ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षबागांच्या छाटणीची घाई, तर २६ जानेवारीस उन्हाळ कांद्याच्या लागवडीची धांदल. नेमक्या याच दिवशी गावोगाव सभा भरतात. तथापि घरटी एक माणूस गेले तरी काम खोळंबत नाही व गणपूर्तीही सहज होते.

म्हणून सभेची सूचना लागताच विषयपत्रिका वाचावी. आपला विषय अगोदर लेखी द्यावा व त्याची पोच घ्यावी. सभा तहकूब झाल्यास पुढील तारीख विचारून त्या दिवशीही जावे. ठराव सर्वांसमक्ष वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. इतिवृत्ताची नक्कल २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये मागता येते. बांधावर केलेली तक्रार वाऱ्यावर जाते. सभेत नोंदविलेली तक्रार दप्तरात राहते आणि पुढील सभेत तिचा जाब विचारता येतो.