बटण दाबल्यावर फोन कोण उचलतं?

मध्यरात्र उलटलेली. पोलादपूर मागे पडलेलं, कशेडीचा रस्ता सुरू झालेला. गाडी कठड्याला धडकून आडवी झाली आहे आणि आतल्या कुणीतरी अंधारात चाचपडत मोबाइल शोधून मदतीचा क्रमांक लावला आहे. पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, "तुम्ही नक्की कुठे आहात?" इथेच सगळं अडतं. "महाडच्या पुढे", "मघाशी एक ढाबा लागला, त्यानंतर थोडं", "घाटात" अशी उत्तरं मिळतात. घाबरलेल्या, रक्तबंबाळ माणसाकडून यापेक्षा वेगळं उत्तर अपेक्षित करणंही चूक आहे. त्यात रस्त्याला दुभाजक असेल तर कुठल्या बाजूला अपघात झाला हेही कळावं लागतं. बाजू चुकली, तर रुग्णवाहिकेला समोर गाडी दिसत असूनही पुढची फट किंवा उड्डाणपूल गाठून उलटं यावं लागतं.

महामार्गांच्या कडेला किलोमीटरचे दगड आणि पाट्या असतात त्या याचसाठी. महामार्ग पोलिस आणि क्रेनवाले एकमेकांशी याच आकड्यांत बोलतात. "किलोमीटर एवढा, पुणे लेन" म्हटलं की त्यांना जागा डोळ्यांसमोर येते. पण स्टिअरिंगमागे अडकलेल्याला ती पाटी दिसणार कशी? आणि तो शुद्धीवरच नसेल, तर फोन तरी कोण करणार? मोटारीतच बसवलेली आपत्कालीन मदत यंत्रणा हे दोन प्रश्न सोडवण्यासाठी जन्माला आली.

या यंत्रणेचं सर्वांत विचारपूर्वक उभं केलेलं रूप युरोपात आहे. तिचं नाव 'ई-कॉल'. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम केला आणि ३१ मार्च २०१८ नंतर मान्यता मिळणाऱ्या प्रत्येक नव्या कारच्या आणि हलक्या मालवाहू गाडीच्या मॉडेलमध्ये ही यंत्रणा सक्तीची झाली. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या अनेक मराठी कुटुंबांच्या गाड्यांत आरशाजवळ, छतावरच्या दिव्यापाशी 'एसओएस' लिहिलेलं बटण असतं, ते याचंच.

टक्कर जोराची झाली की एअरबॅग उघडायची की नाही, हे गाडीतलं नियंत्रक यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतं. तोच इशारा ई-कॉलला जातो आणि गाडी स्वतःहून ११२ क्रमांक लावते. हो, युरोपातही आपत्कालीन क्रमांक ११२ च आहे. बोलणं सुरू होण्याआधी गाडी नियंत्रण कक्षाकडे माहितीचं एक छोटं पुडकं पाठवते. त्यात टकरीची वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, गाडी कुठल्या दिशेने चालली होती ती दिशा, गाडीचा प्रकार आणि ओळख क्रमांक, इंधन कोणतं, किती सीटबेल्ट लावलेले होते आणि कॉल आपोआप लागला की कुणी बटण दाबलं, इतकं सगळं असतं.

यातली एकेक नोंद कुणाच्या उपयोगाची आहे ते पाहिलं, की ही यादी ठरवणाऱ्यांनी रस्त्यावरच्या माणसांचं ऐकलं होतं हे पटतं. दिशा कळली की बाजू चुकत नाही. लावलेल्या बेल्टांवरून आत निदान किती माणसं आहेत याचा अंदाज येतो आणि एक रुग्णवाहिका पुरेल की दोन लागतील, हे निघतानाच ठरतं. इंधन कळलं की अग्निशमन दलाला पेट्रोलशी सामना आहे, सीएनजीच्या टाकीशी की मोठ्या बॅटरीशी, हे वाटेतच समजतं. महाराष्ट्रात रस्त्यावर सीएनजी गाड्या किती आहेत, हे लक्षात घेतलं तर या एका नोंदीचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको.

हे सगळं पुडकं जेमतेम १४० बाइटचं, म्हणजे एका एसएमएसएवढं. मूळ ई-कॉलमध्ये मोबाइलच्या इंटरनेटवरून ते पाठवलं जात नाही. आवाजाच्या कॉलमधूनच, जुन्या फॅक्स यंत्रासारख्या सुरावटीत ते जातं. दुर्गम भागात इंटरनेट रांगत असलं, तरी साधा कॉल बऱ्याचदा लागतो. शिवाय आपत्कालीन कॉल जी कंपनी त्या जागी उपलब्ध असेल तिच्या जाळ्यावरून जाऊ शकतो. पुडकं पोहोचलं की लगेच गाडीतला स्पीकर जिवंत होतो आणि कक्षातला माणूस आतल्यांशी बोलू लागतो. उत्तर आलं नाही, तरी मदत निघते. न बोलणारा जखमी हा सर्वांत गंभीर असू शकतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. जपानात तर अशा माहितीवरून दुखापत किती गंभीर असेल याचा अंदाज बांधून डॉक्टर असलेलं हेलिकॉप्टर पाठवायचं का, तेही ठरवलं जातं.

युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार या यंत्रणेमुळे मदत पोहोचण्याचा वेळ शहरात ४० टक्क्यांनी आणि ग्रामीण भागात ५० टक्क्यांनी घटू शकतो. हा अंदाज आहे, रस्त्यावर मोजलेलं माप नव्हे. पण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच तारीख. १ ऑक्टोबर २०१७. गाड्यांत ई-कॉल सक्तीचा होण्याच्या सहा महिने आधी, सदस्य देशांनी आपापली नियंत्रण केंद्रं हा कॉल घेण्यासाठी सज्ज ठेवायची, असं बंधन युरोपने घातलं होतं. आधी फोन उचलणारा तयार करा, मग फोन करणारा. ही सेवा सर्वांना विनामूल्य आहे आणि अपघात होईपर्यंत ती झोपलेली असते. गाडी रोज कुठे जाते, याचा माग ती ठेवत नाही. तसं कायद्यातच लिहिलेलं आहे.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथे जनरल मोटर्सने १९९६ मध्येच 'ऑनस्टार' आणलं. बटण दाबलं की कंपनीचा माणूस बोलणार, तो पोलिसांना कळवणार, किल्ली आत राहिली तर दार उघडून देणार, रस्ता सांगणार. मात्र सगळं वर्गणीवर. सेवा चांगली होती, अजूनही आहे. पण तिचं एक दुखणं कालांतराने उघडं पडलं. गाडी पंधरा-वीस वर्षं चालते, मोबाइलचं तंत्रज्ञान तेवढं टिकत नाही. २००८ मध्ये तिथलं जुनं ॲनालॉग जाळं बंद झालं तेव्हा त्यावर चालणाऱ्या गाड्यांतलं बटण मुकं झालं. २०२२ मध्ये थ्री-जी बंद होताना तीच वेळ पुन्हा आली. युरोपलाही हा प्रश्न चुकलेला नाही. तिथेही टू-जी आणि थ्री-जी गुंडाळलं जात आहे, म्हणून २०२६ पासून नव्या मॉडेलांना फोर-जी, फाइव्ह-जीवर चालणारा नवा ई-कॉल लागू झाला आहे.

आता आपल्याकडे या. २०१९ च्या मे-जूनमध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर पाठोपाठ आल्या आणि 'कनेक्टेड कार' हा शब्द मराठी घरांत पोहोचला. नंतर किआ, टाटा, महिंद्रा, मारुती, सगळ्यांनीच गाडीत सिम बसवायला सुरुवात केली. आरशापाशी बटणं आली. एक एसओएसचं, दुसरं बिघाडासाठी. एअरबॅग उघडली की गाडी आपोआप मदत केंद्राला कळवते, अशी सोय अनेक मॉडेलांत आहे. शोरूममध्ये हे बटण कौतुकाने दाखवलं जातं. पण पलीकडे फोन कोण उचलतं, हे ग्राहक विचारत नाही आणि विक्रेता सांगत नाही.

आपल्याकडे तो फोन सहसा कंपनीच्या कॉल सेंटरला जातो. तिथला कर्मचारी तुमच्याशी बोलतो, तुम्ही नोंदवलेल्या नातेवाइकांना कळवतो आणि मग सरकारी यंत्रणेला फोन करतो. म्हणजे मध्ये एक पायरी वाढते. त्याहून मोठी अडचण मुदतीची. पहिली काही वर्षं ही सेवा गाडीच्या किमतीत धरलेली असते, पुढे वर्गणी भरावी लागते. गाणी आणि हवामान मोबाइलवर मिळतंच, मग कशाला पैसे भरायचे, असं म्हणून लोक ती सोडून देतात आणि त्याच्याबरोबर एसओएसही जातं. बटण मात्र जागेवरच असतं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याची गत आणखी वाईट. ॲपमधलं खातं जुन्या मालकाच्या नावावर आणि अपघाताचा निरोपही त्याच्याच घरी जाणार. जीव वाचवणाऱ्या सोयीला गाण्यांच्या पॅकेजमध्ये गुंडाळून विकणं मला अजिबात मान्य नाही. सीटबेल्टची कुणी वार्षिक वर्गणी मागत नाही.

गाडीत मदतीचं यंत्र असायलाच हवं, असं बंधन घालणं आपल्याला जमत नाही, असंही नाही. प्रवासी वाहनांसाठी आपण ते केलं आहे. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेने प्रसिद्ध केलेल्या 'एआयएस-१४०' या मानकानुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी आणि बसमध्ये ठिकाण कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण आवश्यक झालं. टॅक्सीच्या मागच्या सीटशी, बसच्या खिडक्यांमधल्या खांबावर दिसणारं लाल बटण ते हेच. ते दाबल्यावर काय होतं, हे पुढच्या प्रवासात चालकालाच विचारून पाहा. मला तरी नेमकं उत्तर देणारा चालक अजून भेटायचा आहे. यंत्र बसवल्याचं प्रमाणपत्र मिळालं, पण ऐकणारा किती सज्ज आहे, हे प्रवाशाला कळायला मार्गच नाही. युरोपच्या त्या सहा महिन्यांचं महत्त्व इथे कळतं.

आणि सर्वांत जास्त मरणारा माणूस तर या चर्चेत कुठेच नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते. त्यांच्याकडे ना एअरबॅग, ना बटण. टक्कर ओळखून स्वतः फोन लावणारे काही महागडे मोबाइल आले आहेत, पण ते कितीजणांच्या खिशात असणार? दुचाकीस्वारासाठी मदतीचं बटण म्हणजे मागून येणारा माणूसच. त्या माणसाने थांबावं म्हणून कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १३४-अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही आहे. "पैशांचं कोण बघणार" म्हणून जखमीला रस्त्यावर ठेवायचं कारण उरलेलं नाही.

आता दुसऱ्या बटणाबद्दल थोडं. गाडी बंद पडणं हा अपघात नव्हे, पण द्रुतगती मार्गावर तो अपघात व्हायला वेळ लागत नाही. उभ्या वाहनावर मागून येऊन आदळणं हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. म्हणून फोन नंतर. आधी चारही इंडिकेटर चालू करा, सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा, गाडीमागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. बॅटरी बसली, स्टेपनी बदलायची आहे, पेट्रोल संपलं, किल्ली आत राहिली, अशा कामांना कंपनीचा किंवा विमा कंपनीचा माणूस येतो. बरेचजण विम्याबरोबर ही सोय घेतात आणि पॉलिसी न वाचता कपाटात ठेवतात. मग ऐन वेळी मिळेल त्या क्रेनवाल्याला सांगेल ती रक्कम मोजतात. आणि एक सांभाळा, ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडीला टोचन लावून ओढू देऊ नका. चाकं जमिनीवर फिरत राहिली तर गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होते. अशा गाडीसाठी फ्लॅटबेडच मागायचा, फोनवरच, स्पष्टपणे.

माझी मागणी साधी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ई-कॉल असावा, तो थेट ११२ ला लागावा आणि गाडीच्या आयुष्यभर फुकट चालावा. त्याआधी ११२ च्या कक्षांना ही माहिती वाचता यावी आणि तिथून १०८ ची रुग्णवाहिका त्याच क्षणी निघावी, अशी जोडणी पूर्ण व्हावी. घाटांत कॉल लागेल एवढे मोबाइल मनोरे तर हवेतच.

तोवर आपल्या हातात आहे ते आजच करा. रविवार आहे, गाडी दारात उभी असेल. ॲप उघडून सेवेची मुदत कधी संपते ते बघा. नातेवाइकांचे क्रमांक जुने झाले असतील तर बदला. विम्याच्या पॉलिसीत बिघाड-मदतीचा क्रमांक शोधून तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला. एसओएस कुठे जातो ते कंपनीला विचारा, गंमत म्हणून बटण दाबू नका. गाडीत त्रिकोण आहे का, तेही पाहा. आणि मुलांनाही पाठ असू द्या: कुठल्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.