डावा हात आणि इंग्रजी

वसईत माझ्याकडे पियानो शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बरेच जण आधी पेटी वाजवणारे असतात. कुणी भजनी मंडळातले काका, कुणी शाळेच्या प्रार्थनेला साथ करणाऱ्या बाई. त्यांचा उजवा हात पहिल्याच दिवशी सुरावट पकडतो. डावा मात्र अडून बसतो, कारण त्यानं इतकी वर्षं फक्त भाता हलवलेला असतो. पियानोला भाता नाही. तिथे डाव्या हाताला खालच्या सुरांचं स्वतंत्र काम असतं आणि त्याची लय बऱ्याचदा उजव्याहून वेगळी असते.

याच माणसांचं इंग्रजी मला त्या डाव्या हातासारखं वाटतं. पेपर वाचतात, बँकेचे फॉर्म भरतात, मुलांचा अभ्यास घेतात. पण समोरच्यानं इंग्रजीत साधी चौकशी केली की गप्प. म्हणून मी पियानो आणि इंग्रजी बोलणं एकाच तासाला शिकवते.

मीही मराठी माध्यमातली. आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते, गाणीही मराठीच, त्यामुळे क्वायरसोबत कीबोर्ड वाजवताना इंग्रजीची गरज पडली नाही. पुढे माहीमला मूळच्या गोव्याच्या एका बाईंकडे पियानो शिकायला जाऊ लागले. त्या कोकणी आणि इंग्रजी बोलत. माझं इंग्रजी सुटलं ते त्यांच्या पियानोपाशी, व्याकरणाच्या पुस्तकात नव्हे.

त्याचं कारण सोपं आहे. संभाषणाच्या वर्गात ‘स्वतःविषयी बोला’ म्हटलं की माणूस दोन वाक्यांत संपतो. पियानोपाशी बोलायला खरंखुरं काहीतरी असतं. ‘पाचव्या बारपासून पुन्हा वाजवू का?’, ‘हे बोट इथे पोचत नाही’, ‘हा तुकडा मला हळू हवा’ ही विद्यार्थ्याची त्या क्षणाची गरज असते आणि ती तो इंग्रजीत सांगायला शिकतो. मोजणीही इंग्रजीतच, मोठ्यानं: वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड. भजनातल्या काकांना मी सांगते, या तुमच्या केरव्याच्या आठ मात्रा. मग ते निर्धास्त होतात.

इथे मराठी उपयोगी पडते, पण जपून वापरावी लागते. पट्टी समजावताना मी बिनदिक्कत मराठीत बोलते. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. आपला ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो, पियानोचा ‘सी’ जागचा हलत नाही. हे इंग्रजीत सांगत बसले तर अर्धा तास जाईल. स्पर्शाचंही तसंच. पेटीत हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि सूर लगेच विरायला लागतो; पट्टी कितीही दाबून धरली तरी तो वाढत नाही. हळू-जोरात वाजवणं सगळं बोटाच्या वजनावर. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, तिथे ही सोय जवळजवळ नव्हती. सुमारे १७०० साली फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरीनं हातोड्यांचं वाद्य बनवलं, ते यासाठीच.

एकदा हात पट्ट्यांवर गेले की माझी मराठी बंद. लहान लहान इंग्रजी सूचना, त्याही त्याच त्या. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. आपला माणूस मनात अख्खं मराठी वाक्य रचतो, मग ते उलटवतो आणि तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. वाजवताना उलटवायला वेळच मिळत नाही, म्हणून तयार तुकडे तोंडी बसतात. बोलताना चुकलं तर मी मध्येच थांबवत नाही. वाजवण्यातली चूक जशी पेन्सिलीनं खूण करून शेवटी दाखवते, तशीच ही.

दोन्ही एकत्र शिकताना दोन्हींचा वेग थोडा कमी होतो, हे मी आधीच सांगून टाकते. काही पालकांना पियानोच्या फीमध्ये इंग्रजी ‘फुकट’ हवं असतं. त्यांना मी नको म्हणते.

परीक्षेचं विचाराल, तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या दोन्ही परीक्षा आहेत. या संस्थेची मुळं १८७२ साली निघालेल्या संगीताच्या कॉलेजात आहेत. पियानोला इनिशियल आणि पुढे आठ ग्रेड. शंभरापैकी साठ गुणांना पास. बोलण्याच्या इंग्रजीच्या बारा ग्रेड आहेत, परीक्षकासमोर एकट्यानं बसून. पहिली पाच मिनिटांची, बारावी पंचवीस. चौथीपासून आपला विषय आपण तयार करून न्यायचा, पण पाठ केलेलं भाषण चालत नाही. पहिल्या वर्षी मात्र मी कुणालाच परीक्षेला बसवत नाही. परीक्षेचे तेच तीन तुकडे वर्षभर घोटणाऱ्याला चौथा तुकडा वाचता येत नाही, असं मी पाहिलं आहे.

वाद्य विकत घेताना घाई करू नका. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालेल, फक्त बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलणारा हवा. टिकून शिकायचं ठरलं की ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हेडफोन लावता येतो, शेजारी भांडत नाहीत. लाकडी पियानो सुंदरच, पण आमच्या किनाऱ्याच्या दमट हवेत पट्ट्या फुगून अडकतात, तारा उतरतात आणि ट्यूनरला वरचेवर बोलवावं लागतं. रोज वीस मिनिटं बसा. रविवारी दोन तास बसून आठवड्याची कसर भरून निघत नाही.

आणि शिक्षक ठरवण्याआधी त्यांचा एक तास मागे बसून ऐका. त्या तासात विद्यार्थ्यापेक्षा शिक्षकच जास्त बोलत असतील, मग ते इंग्रजीत असो वा मराठीत, तर दुसरीकडे चौकशी करा.